लष्करी विमान ॲपवर का दिसतं आणि कधी दिसेनासं होतं

पुण्यातल्या विमाननगरहून एका वाचकांनी विचारलंय: "मोबाइलवरच्या ॲपमध्ये हवाई दलाचं सी-१७ जाताना दिसलं. उंची, वेग, दिशा, सगळं. थोड्या वेळाने घरावरून सुखोई गडगडत गेली, तिचा मात्र ॲपवर मागमूसही नाही. एक दिसतं आणि दुसरं दिसत नाही, हे कसं? शत्रूच्या हातात ही माहिती आयती पडत नाही का? आणि सरकार अशा ॲपवर बंदी का घालत नाही?"

माझी नोकरी विमानतळांवरची रडार आणि दळणवळण यंत्रणा चालती ठेवण्यात गेली, आणि आता घराच्या गच्चीवरही एक छोटा अँटेना आहे. तेव्हा जरा तपशिलात लिहितो. पण आधी थेट उत्तर: ते सी-१७ हे अवजड मालवाहू विमान तुम्हाला दिसलं, कारण त्याच्या कॉकपिटमधल्या माणसांनी ते दिसू दिलं. ट्रान्सपाँडर, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची रेडिओवरून सांगणारं यंत्र, चालू आहे, त्याचा संदेश कुणालाही ऐकू जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरीही तो चालू ठेवतात, कारण बंद ठेवण्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते आणि ती याआधी मोजलेली आहे. ॲपवर बंदी घालून फारसं काही साधणार नाही. तुमची काळजी मात्र खोटी नाही. धोका आहे, पण तो एका ठिपक्यात नाही, दुसरीकडे आहे.

रडार म्हटलं की लोकांना फिरणारी थाळी आणि विमानावर आपटून परत येणारी लहर आठवते. ते प्रायमरी रडार. त्यासाठी विमानाने काही करावं लागत नाही, पण नियंत्रकाला मिळतो नुसता ठिपका. तो कुणाचा, किती उंचीवर, काही कळत नाही. म्हणून सेकंडरी रडार आलं. ते जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्‌झवर प्रश्न विचारतं आणि विमानातला ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्‌झवर उत्तर देतो. या कल्पनेचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. आपल्या तोफांनी आपलंच विमान पाडू नये म्हणून आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखायची सोय हवी होती, तिला आयएफएफ म्हणतात. म्हणजे हे यंत्र मुळात लष्कराचं, नागरी उड्डाणाने ते नंतर उचललं. उत्तर देण्याच्या प्रत्येक पद्धतीला मोड म्हणतात. आजही लष्कराचा मोड ३ आणि नागरी मोड ए हे एकच आहेत.

मोड एमध्ये विमान चार आकडी कोड सांगतं. प्रत्येक आकडा ० ते ७, म्हणून एकूण कोड ४०९६. अपहरणाला ७५००, रेडिओ बंद पडला तर ७६००, आणीबाणीला ७७००, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मोड सीमध्ये त्याला उंची जोडली गेली. पुढे मोड एस आला आणि प्रत्येक विमानाला २४ बिटांचा स्वतःचा पत्ता मिळाला. जगभरात असे सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते होऊ शकतात आणि प्रत्येक देशाला त्यातला एक पट्टा दिलेला आहे. या सगळ्यावर कळस म्हणजे एडीएस-बी. यात विमान कुणी विचारायची वाटच बघत नाही. जीपीएसवरून काढलेली आपली जागा ते सेकंदाला साधारण दोनदा आपणहून सांगत राहतं. वेग आणि दिशाही सांगतं, अधूनमधून कॉलसाइन, म्हणजे उड्डाणाचं रेडिओवरचं नाव, सांगतं. यात कुलूपकिल्ली काही नाही. ती असूच शकत नाही, कारण हा संदेश जगातल्या कुठल्याही विमानाला आणि कुठल्याही विमानतळाला ऐकू यायला हवा, ओळखदेख असो वा नसो.

हे जवळून बघण्यासारखं आहे. १०९० मेगाहर्ट्‌झची लहर साडेसत्तावीस सेंटिमीटरची, तेव्हा तिच्या पाव लांबीची, म्हणजे जेमतेम सात सेंटिमीटरची तांब्याची तार अँटेना म्हणून चालते. तिला टीव्हीसाठी बनवलेला पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर आणि एक छोटा संगणक जोडला की पडद्यावर ओळी धावायला लागतात. एक संदेश ११२ बिटांचा, हवेत त्याचं आयुष्य १२० मायक्रोसेकंद. पडद्यावर तो सोळाच्या पायातल्या २८ अक्षरांत उमटतो. पहिली दोन अक्षरं ८डी असली की समजायचं, हा एडीएस-बीचा संदेश. पुढची सहा अक्षरं म्हणजे विमानाचा पत्ता. त्यांची सुरुवात ८० ते ८३ मधल्या जोडीने झाली की विमान भारतीय. पुढच्या भागात जागा आणि उंची, शेवटची सहा अक्षरं संदेश वाटेत बिघडला का हे तपासायला. एवढंच. यात 'हवाई दल' असं कुठेही लिहिलेलं नसतं. हा पत्ता सी-१७ चा आणि तो इंडिगोच्या एअरबसचा, ही नोंद जगभरच्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षं शेपटावरचे नंबर टिपून, फोटोंशी ताडून बनवलेल्या याद्यांतून येते. तुमच्या ॲपने तुम्हाला दाखवलेलं 'सी-१७' हे निम्मं विमानाचं सांगणं आणि निम्मं त्या याद्यांचं.

या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीची गोलाई आणि डोंगर आडवे येतात. ३५,००० फुटांवरचं विमान चारशे किलोमीटरवरूनही ऐकू येतं. तेच हजार फुटांवर उतरलं की सत्तर किलोमीटरच्या आसपास सीमा संपते, आणि मध्ये सह्याद्रीची धार आली तर त्याहूनही आधी. कोकणात खाली उडणारं हेलिकॉप्टर पुण्याच्या गच्चीवरून कधीच मिळणार नाही. कितीतरी वेळा लोक मला विचारतात, अमुक विमानाने ट्रान्सपाँडर बंद केला का? निम्म्या वेळा उत्तर असतं की बंद केला नाही, ते फक्त खाली गेलं आणि तिथे कुणाच्या घरी रिसीव्हर नाही.

आता तुमची सुखोई. लढाऊ विमानांत एडीएस-बी सहसा नसतं. मोड ए आणि सी असतात, पण त्यात ना पत्ता असतो ना जागा. म्हणून ज्या ॲपला विमानाने स्वतः सांगितलेल्या जागेवर ठिपका काढायचा असतो, त्याच्या हाताला काही लागत नाही. शिवाय चार विमानं एका ताफ्यात निघाली की साधारणपणे म्होरक्याचाच ट्रान्सपाँडर बोलतो. चौघंही बोलले तर नियंत्रकाच्या पडद्यावर एकाच जागी चार उत्तरांचा चिखल होतो. आणि लष्कराचे आपापसातले जे मोड आहेत, त्यातला मोड ५ सांकेतिक असतो. तो तुमच्या-माझ्या रिसीव्हरला नुसता आवाज वाटतो.

मग त्याच आकाशात प्रवासी विमानं सुरक्षित कशी राहतात? पुण्याच्या लोहगाव विमानतळाचं नियंत्रण हवाई दलाच्याच हातात आहे. सुखोई कधी, कुठून, किती उंचीवर जाणार हे त्यांना माहीत असतं, आणि नागरी विमानांना त्याप्रमाणे वाट आणि वेळ दिली जाते. गोव्यात दाबोळीला आयएनएस हंस हा नौदलाचा तळ आहे. तिथे सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी बाजूला काढण्याची पद्धत अनेक वर्षांची. जागा किंवा वेळ वेगळी काढून दिली की ट्रान्सपाँडरवाचून चालतं. सी-१७ ला मात्र ही सोय नाही. ते दिल्लीजवळच्या हिंडन तळाहून निघून नागपूर, पुणे, उद्या आखात, परवा युरोप असं नागरी मार्गांवरून, एअर इंडिया आणि एमिरेट्सच्या रांगेत उडतं. तिथे गप्प राहून चालत नाही.

कायद्यानेही सक्ती नाही, हे मुद्दाम सांगतो. १९४४ चा शिकागो करार नागरी विमानांसाठी आहे. लष्करी, सीमाशुल्क आणि पोलिसी विमानं ही सरकारी विमानं, त्यांना तो लागू होत नाही असं त्याच्या तिसऱ्या कलमातच लिहिलंय. मात्र त्याच कलमात पुढे म्हटलंय की देशांनी आपल्या सरकारी विमानांचे नियम करताना नागरी विमानांच्या सुरक्षेची योग्य दखल घ्यायची. लष्करी ट्रान्सपाँडरचा सगळा व्यवहार या एका वाक्याच्या आधाराने चालतो. बंद करायचा हक्क आहे, पण बाकीच्यांच्या जिवाचा विचार करून.

आणि हा विचार कमी पडला की काय होतं, ते आपण आपल्याच देशात पाहिलंय. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन समोरासमोर धडकलं, ३४९ माणसं गेली. चूक कझाक विमानाची, ते ठरलेल्या उंचीच्या खाली उतरलं. पण दिल्लीला तेव्हा सेकंडरी रडार चालू नव्हतं. नियंत्रकाला दोन ठिपके दिसत होते, त्यांची उंची दिसत नव्हती. त्यात दिल्लीभोवतीचं बरंचसं आकाश हवाई दलासाठी राखलेलं, म्हणून येणारी आणि जाणारी विमानं एकाच अरुंद वाटेने जात होती. त्यानंतर सेकंडरी रडार लागलं, येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली. टीकॅस चालते ती ट्रान्सपाँडरच्या उत्तरांवर. समोरच्या विमानाचा ट्रान्सपाँडर बंद असेल तर टीकॅसच्या लेखी ते विमान नाहीच. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने ही नोकरी चरखी दादरीच्या सावलीत केली. रात्री अडीचला सेकंडरी रडार बंद पडलं तर ते दुरुस्त होईपर्यंत कुणी खुर्चीला टेकत नसे, यामागे ती ३४९ माणसं होती.

२९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये उतरत असलेलं प्रवासी विमान आणि अमेरिकी लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर धडकून पोटोमॅक नदीत पडलं. ६७ जण गेले. हेलिकॉप्टरचा मोड एस ट्रान्सपाँडर रडारला उत्तरं देत होता, पण ते एडीएस-बीने आपली जागा सांगत नव्हतं. काहींनी लगेच निकाल दिला की एडीएस-बी असतं तर अपघात टळला असता. इतकं सोपं ते नाही. प्रवासी विमानाच्या टीकॅसने जवळ वाहतूक असल्याचा इशारा दिला होता. मात्र जमिनीच्या इतक्या जवळ 'वर जा, खाली जा' असा थेट आदेश ती यंत्रणा मुद्दामच देत नाही. हेलिकॉप्टरची वाट धावपट्टीच्या उतरणीखालून आखलेली होती, रात्र होती, हेलिकॉप्टरच्या उंचीच्या वाचनात फरक होता. बरीच कारणं एकत्र आली. पण अमेरिकेत २०२० पासून बहुतेक गजबजलेल्या आकाशात एडीएस-बी सक्तीचं आहे आणि संवेदनशील सरकारी कामगिरीसाठी २०१९ मध्ये त्यातून सूट दिली गेली. ती सूट नेहमीच्या सराव-उड्डाणांतही सर्रास वापरावी का, हा वाद त्या रात्रीनंतर तिथे पेटला आणि तो पेटायलाच हवा होता. माझं मत स्पष्ट आहे: शांततेच्या काळात, प्रवासी विमानतळाच्या दारात, सरावासाठी उडताना गप्प राहायला कारण नाही.

युद्धाच्या काळातही बंद बटण जीव घेतं. २७ फेब्रुवारी २०१९ ला श्रीनगरजवळ बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी जाहीरपणे मान्य केलं. चौकशीविषयीच्या बातम्यांत एक मुद्दा ठळकपणे आला, तो म्हणजे हेलिकॉप्टरचं आयएफएफ बंद होतं. नाशिकच्या ओझरला किंवा नागपूरच्या मेंटेनन्स कमांडमध्ये आयुष्य घालवलेला कुणी तंत्रज्ञ तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला विचारा, आयएफएफची तपासणी हा विषय ते किती गांभीर्याने घेतात.

उलट बाजूही सांगायला हवी. ३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्या व्हिन्सेन्स युद्धनौकेने इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं विमान पाडलं, २९० माणसं गेली. त्या विमानाचा ट्रान्सपाँडर व्यवस्थित चालू होता आणि मोड ३ वर ६७६० हा नागरी कोड देत होता. नौकेवरच्या माणसाला मात्र मोड २ वर ११०० असा लष्करी कोड वाचायला मिळाला. त्याने वाचनाची खिडकी, म्हणजे कुठल्या जागेवरची उत्तरं ऐकायची ती मर्यादा, बंदर अब्बासच्या विमानतळावरच ठेवली होती, आणि तिथल्या एखाद्या लष्करी विमानाचं उत्तर त्याने या विमानाच्या नावावर मांडलं, असं चौकशीतून दिसलं. बोलणाऱ्याने नीट बोलून भागत नाही, ऐकणाऱ्यानेही नीट ऐकावं लागतं.

आता दुसरा भाग: दिसणं हे लष्कराच्या हातातलं साधनही आहे. २०२२ च्या सुरुवातीला युक्रेनवर हल्ला होण्याआधीचे कित्येक दिवस अमेरिकेचं ग्लोबल हॉक ड्रोन 'फोर्टे' या कॉलसाइनने काळ्या समुद्रावर घिरट्या घालताना जगाला ॲपवर दिसत होतं. त्याला गप्प राहता आलं असतं. 'आम्ही बघतोय' हे मॉस्कोला कळावं, हाही त्या उड्डाणांचा भाग होता असं मी मानतो. त्याच वर्षी २ ऑगस्टला अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसी तैवानला निघाल्या. त्यांचं अमेरिकी हवाई दलाचं 'स्पार १९' हे विमान दक्षिण चीन समुद्र टाळून, बोर्निओ आणि फिलिपिन्सला वळसा घालून गेलं, ते फ्लाइटरडार२४ या विमानं दाखवणाऱ्या ॲपवर सुमारे २९ लाख लोकांनी पाहिलं. इतके डोळे लागलेले असताना त्या विमानाच्या वाटेला जाणं कुणालाही अवघड झालं असतं. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना ढाक्याहून निघाल्या तेव्हा बांगलादेश हवाई दलाचं सी-१३०जे, कॉलसाइन 'एजॅक्स १४३१', हिंडनला टेकेपर्यंत निम्मं जग त्याकडे बघत होतं. टीव्हीवर बातमी पक्की व्हायच्या आधी ठिपक्याने दिशा सांगितली होती.

पण याच भरवशावर फसवताही येतं. जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ला केला त्या रात्री काही बी-२ बॉम्बफेकी विमानं पश्चिमेला, पॅसिफिककडे निघाली. सोबतच्या, हवेत इंधन भरणाऱ्या टँकरच्या ठिपक्यांवरून आणि रेडिओवरच्या बोलण्यावरून जगभरच्या छंदिष्टांनी 'बी-२ गुआमला चालली' अशी बातमी पसरवली. त्याच वेळी खरी सात बी-२ पूर्वेकडे अटलांटिकवरून चुपचाप निघाली होती. पश्चिमेकडचा गट हूल देण्यासाठी होता, हे अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुख समितीच्या अध्यक्षांनी नंतर पत्रकार परिषदेत सांगितलं. म्हणजे ठिपके मोजणाऱ्यांनाच हत्यार म्हणून वापरलं गेलं. २०२० मध्ये चीनने आरोप केला होता की अमेरिकी टेहळणी विमानं मलेशियाच्या विमानाचा पत्ता लावून फिरतात. तांत्रिकदृष्ट्या यात अशक्य काही नाही. पत्ता शेवटी यंत्रात भरलेला आकडा आहे.

जागेचंही तसंच. एडीएस-बी सांगतं ती जागा जीपीएसने दिलेली. मार्च २०२५ मधल्या म्यानमार भूकंपानंतर 'ऑपरेशन ब्रह्मा'त मदत घेऊन गेलेल्या आपल्या सी-१३०जे विमानांना तिथे खोटे जीपीएस संकेत मिळत होते. वैमानिकांनी विमानातल्या, बाहेरच्या संकेतांवाचून जागा काढणाऱ्या इनर्शियल यंत्रणेवर उड्डाण पूर्ण केलं. अशा ठिकाणी ॲपवरचा ठिपका शंभर किलोमीटर भलतीकडे उडी मारू शकतो, आणि घरबसल्या बघणाऱ्याला वाटतं विमानाने सीमा ओलांडली. सीमेवर तणाव असताना अशा एका स्क्रीनशॉटने किती आग लागेल, याचा विचार करा.

आपलं सरकारही या उघड माहितीचा आधार घेतं. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी ९ मे २०२५ च्या पत्रकार परिषदेत विंग कमांडर व्योमिका सिंह यांनी फ्लाइटरडार२४ चा पडदाच दाखवला. हल्ला चालू असतानाही पाकिस्तानने आपलं नागरी आकाश बंद केलं नव्हतं, सौदीतल्या दम्मामहून निघालेलं फ्लायनास कंपनीचं एअरबस लाहोरला उतरलं, हे त्यावरून त्यांनी मांडलं. प्रवासी विमानांची ढाल केली जात आहे, हा आरोप सिद्ध करायला तोच पडदा कामी आला, ज्यावर बंदी घाला असं आपण म्हणतोय. त्याआधी एप्रिलमध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर पंतप्रधानांचं बोइंग ७७७ जेद्दाहून परतताना पाकिस्तानवरून आलं नाही, जाताना मात्र तिथूनच गेलं होतं, हेही लोकांना ट्रॅकिंगवरूनच कळलं.

मग धोका कुठे? साठवणीत. एका सी-१७ चा ठिपका शत्रूला जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याच्याकडे स्वतःची रडारं आहेत, उपग्रह आहेत, आणि १०९० ऐकणारे रिसीव्हर तर कवडीमोलाने मिळतात. पण सहा महिन्यांचे ठिपके एकत्र ठेवले की सवयी दिसायला लागतात. कुठल्या तळावर मालवाहू विमानांची वर्दळ अचानक वाढली, इंधन भरणारं इल्युशिन-७८ कुठे लांबुळके फेरे मारत राहतं, हे त्यात उमटतं. टँकर ज्या जागी फिरतो तिथे त्याच्याकडून इंधन घेणारी लढाऊ विमानं असणारच, ती स्वतः कितीही गप्प असोत. माझ्या मते खरी काळजी इथे घ्यायला हवी, आणि ती घेण्याची जागा ॲप नव्हे, उड्डाणाचं नियोजन आहे. टँकरने कुठे गप्प व्हायचं, कॉलसाइन कधी बदलायचं, सवय कशी मोडायची, हे हवाई दलाच्या हातात आहे आणि त्यांना ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं.

दुसरा धोका म्हणजे थेट निवेदन, आणि हा मुंबईने भोगलेला आहे. २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी नरिमन हाउसच्या गच्चीवर एनएसजीचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरत होते आणि वाहिन्या ते घराघरांत दाखवत होत्या. पलीकडे बसलेले सूत्रधार तेच बघून आत सूचना देत होते. कसाबच्या खटल्याच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने लष्करी हालचालींचं थेट वार्तांकन टाळा अशी सूचना काढली, तिच्यातही २६/११, कारगिल आणि कंदाहार यांचे दाखले होते. ठिपका स्वतः बोलत नाही. त्याच्याशेजारी "बघा, आत्ता इथून निघालं, अमुक बाजूला वळलं, सोबत हे दुसरंही आहे" असं लिहिणारा माणूस त्याला अर्थ देतो. हे लिहिणाऱ्यांत देशप्रेमाने भारावलेलेच जास्त असतात, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

बंदीविषयी. भारतात एखादं ॲप बंद केलं तरी भारतीय आकाशातले संदेश शेजारच्या देशांतले रिसीव्हर ऐकणार, उपग्रहही ऐकणार. काही संकेतस्थळं सरकारांच्या किंवा मालकांच्या विनंतीवरून ठराविक विमानं लपवतात, काही अजिबात लपवत नाहीत. म्हणून एका ॲपवर नसलेलं विमान दुसऱ्यावर सापडतं. बंदीने फक्त आपले विद्यार्थी, पत्रकार आणि छंदिष्ट आंधळे होतील. गुरुत्वाकर्षण शिकवायला जसं दगड टाकून दाखवतात, तसा रेडिओ शिकवायला अभियांत्रिकीच्या मुलांना १०९० चा रिसीव्हर बनवायला लावावा, इतकं हे साधं आणि डोळे उघडणारं आहे. सिग्नल, वेळ, भूमिती, चूक-तपासणी, सगळं सात सेंटिमीटरच्या तारेवर शिकता येतं.

जे विमान जागा सांगत नाही, फक्त मोड एसची उत्तरं देतं, तेही सापडू शकतं, हे त्या मुलांना पुढे कळतं. एकच उत्तर चार वेगवेगळ्या रिसीव्हरना किती सूक्ष्म फरकाने पोचलं त्यावरून जागा काढता येते. त्याला मल्टिलॅटरेशन म्हणतात. युरोपात घरोघरी रिसीव्हर असल्याने तिथे अशी कितीतरी लष्करी विमानं दिसतात. आपल्याकडे रिसीव्हर विरळ आहेत, म्हणून तेच विमान इथे दिसत नाही.

राहता राहिला तुमच्या हातातल्या स्क्रीनशॉटचा प्रश्न. शांततेच्या दिवसांत नागरी मार्गावरून गेलेल्या सी-१७ चा तो फोटो कुणाला दाखवलात तर काही बिघडत नाही. सीमेवर तणाव असेल, बचावकार्य किंवा कारवाई चालू असेल, तर विमान जमिनीवर टेकून बातमी अधिकृतपणे येईपर्यंत तो आपल्याजवळच ठेवा. ठिपका नाहीसा झाला म्हणून 'पाडलं' असं तर मुळीच लिहू नका. विमान कुणाचं हे याद्यांवरून ठरतं आणि याद्या चुकतात, हेही ध्यानात ठेवा.

लोहगावच्या कुंपणापाशी कॅमेरा किंवा अँटेना घेऊन उभं राहू नका. संरक्षण तळांचे फोटो काढायला परवानगी लागते आणि १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट आजही लागू आहे. मे २०२५ मध्ये तर पश्चिम सीमेजवळच्या संरक्षण तळांवरून उडणाऱ्या प्रवासी विमानांना दहा हजार फुटांपर्यंत खिडक्यांचे पडदे बंद ठेवायला सांगितलं गेलं होतं. परदेशातही हा छंद महागात पडलेला आहे. ग्रीसमधल्या कालामाताला २००१ मध्ये विमानांचे नंबर टिपणाऱ्या चौदा ब्रिटिश आणि डच पर्यटकांवर हेरगिरीचा खटला भरला गेला, वर्षभराने ते अपिलात सुटले. २०१० मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात दोन ब्रिटिश छंदिष्ट रेडिओ स्कॅनरसह पकडले गेले आणि बरेच आठवडे अडकून पडले.

स्वतःचा रिसीव्हर बसवायचा असेल तर वायरलेस उपकरणांचे नियम दूरसंचार विभागाच्या अखत्यारीत येतात, घेण्याआधी तिथे चौकशी करा. अँटेना उंच जागी, मोकळ्या आकाशाखाली लावा, केबल छोटी ठेवा. विमाननगरला असाल तर मोबाइल टॉवरच्या सिग्नलने रिसीव्हर बहिरा होतो, तेव्हा १०९० मेगाहर्ट्‌झचा फिल्टर आधी घ्या आणि मग अँप्लिफायरचा विचार करा. सुखोई त्यातही दिसणार नाही. तिच्यासाठी गच्चीवर जाऊन वर बघणं हाच मार्ग आहे.